तीर्थरूपांच्या वाटेने : जुन्नर-आंबेगावातील एका ऋणाचा शोध

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य प्रथम वंशावळी काढतो, मग सनदा, वतनपत्रे, देवस्थानांचे उतारे आणि घरोघरच्या जुन्या वह्या शोधतो. या साधनांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांत एक वैगुण्य आहे. वंशावळीत ज्यांनी जन्म दिला त्यांची नावे असतात. ज्यांनी जीव वाचविला त्यांची नसतात. बुडत्या पूर्वजाला ज्या हाताने पाण्याबाहेर ओढले, तो हात दुसऱ्या ज्ञातीचा असला म्हणजे आपल्या दप्तरात त्याला जागा उरत नाही. मात्र त्या हातावाचून त्या खालची वंशावळ लिहिलीच गेली नसती. प्रस्तुत स्मरणिकेसाठी आम्ही जो मजकूर सादर करीत आहोत तो अशाच एका हाताच्या शोधाचा आहे. त्यात घरगुती भाग आहे, परंतु केवळ घरगुती म्हणून तो बाजूस ठेवता येईल असे आम्हांस वाटत नाही. कारण ज्या मुलुखात ही गोष्ट घडली त्याच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाशी तिचा धागा जुळलेला आहे.

आमचे कै. तीर्थरूप वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे १९५२ साली, जुन्नर येथील एका हिरड्याच्या व्यापाऱ्याकडे गुमास्ते होते. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या डोंगरांतून आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करीत. कोवळे फळ वाळवून बाळहिरडा होई, तो औषधासाठी जाई. मोठा हिरडा कातडे कमावण्याच्या कामी येई. पावसाळ्यापूर्वी व्यापाऱ्याने धान्याची किंवा रोख उचल द्यावी आणि हंगामात ती हिरड्यात वळती करून घ्यावी, अशी रीत होती. वाड्यावाड्यांतून हिंडून हे हिशेब पुरे करणे हे तीर्थरूपांचे काम. त्या दोन वर्षांतील त्यांची एक लहान वही आमच्या घरी राहिली. तीत मुक्कामांची नावे, मण-शेरांची मापे आणि रुपये-आण्यांच्या बाक्या यांवाचून फारसे काही नाही. परंतु एका पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात एवढे शब्द आहेत : ‘आंबेगावच्या वरल्या वाडीच्या बाबाने नदीतून काढले. सहा दिवस ठेविले. बाकी त्याने स्वतः सांगून लिहविली.’ नाव नाही, कूळ नाही. तीर्थरूप ही हकीकत आयुष्यभर सांगत, त्या बाबाला पुन्हा भेटावयाचे राहिले ही रुखरुख व्यक्त करीत, आणि नाव विचारले असता ‘त्याला सगळे बाबाच म्हणत’ असे उत्तर देत. त्यांच्या पश्चात २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी ती वही हाती घेऊन त्यांच्याच वाटेने जाण्याचे ठरविले.

वहीतील मुक्काम क्रमाने असे आहेत : जुन्नर, आपटाळे, घाटघर, आंबोली, इंगळून आणि मग डोंगर ओलांडून आंबेगाव. ज्यांना हा प्रदेश परिचित नाही त्यांच्या सोयीसाठी सांगावयाचे तर येथे सह्याद्रीपासून पूर्वेकडे तीन नद्यांची तीन खोरी पसरली आहेत. उत्तरेस कुकडी, मध्ये मीना आणि दक्षिणेस घोड. जुन्या कागदांत त्यांस कुकडनेर, मीननेर आणि घोडनेर अशी नावे आढळतात. तीर्थरूप कुकडनेरातून चढत घाटमाथ्याला जात आणि मीननेर उतरून घोडनेरात येत.

जुन्नर सोडण्यापूर्वी आम्ही तेथील लेणी पाहिली. या एका गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी असे त्यांचे समूह आहेत. अभ्यासकांस येथील शिलालेखांचे महत्त्व विशेष वाटते ते त्यांतील दात्यांच्या नावांमुळे. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपान याच्या अयम नामक अमात्याने पाण्याची पोढी व मंडप दान दिल्याची नोंद ४६ या वर्षाची आहे. दुसऱ्या लेखांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. यवन म्हणविणारे दातेही आहेत. तहानलेल्याला पाणी मिळावे म्हणून ज्याने टाके खोदविले त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले, हे योग्यच झाले. परंतु आमच्या मनात असेही आले की दान देणाऱ्यास दगड कोरविण्याइतके द्रव्य लागते. ज्याच्यापाशी एक दोर आणि एक घोंगडी एवढेच होते त्याचे नाव कोण कोरणार?

आपटाळ्यावरून घाटघरास जाताना उजव्या-डाव्या हातांस हडसर, चावंड आणि जीवधन हे किल्ले लागतात. ही सारी राखण नाणेघाटाची. कोकणातील बंदरांतून चढणारा माल याच घाटाने जुन्नरास येई. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. राणी नायनिकेच्या तेथील लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची मोजदाद आहे, आणि भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी काही त्यातच सापडतात. भिंतीत सिमुक, सातकर्णी आदी राजपुरुषांच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावले आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. वर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीचे नाणे टाकीत, असे लोक सांगतात. वाटेवर हिशेब ठेवण्याची परंपरा या मुलुखात किती जुनी आहे, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. तीर्थरूपांची ती लहान वही त्याच परंपरेतील अगदी शेवटचे आणि अगदी गरीब पान होय.

याच घाटाशी एका परदेशी वैद्याचे नाव निगडित आहे. १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराने मुंबईच्या इंग्रजांकडे वैद्य मागितला, तेव्हा डॉ. जॉन फ्रायर याची रवानगी झाली. कल्याण, मुरबाड असा येत असता तो सरळ वाट चुकला आणि अधिक बिकट अशा दुसऱ्या घाटाने कष्टाने वर चढला. परतताना मात्र नाणेघाटाने उतरला आणि ती वाट त्यास सुलभ वाटली. १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने हे वर्णन केले आहे. या डोंगरांत परका मनुष्य कितीही विद्वान असला तरी वाट दाखविणाऱ्यावाचून पांगळा असतो, हा त्या हकीकतीचा अर्थ आहे.

आश्रयाचे सर्वांत थोर उदाहरण तर शिवनेरीच देतो. १६२९ साली लखुजी जाधवराव दौलताबादेस निजामशाही दरबारात मारले गेले. त्या धामधुमीच्या काळात शहाजीराजांनी गर्भवती जिजाबाईंस शिवनेरीवर ठेवले आणि ते मोहिमेवर गेले. शिवनेरीचा अधिपती विजयराज याची कन्या जयंती शहाजीराजांचे ज्येष्ठ पुत्र संभाजी यांस दिली होती, असे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात आहे. म्हणजे तो आश्रय सोयऱ्याचा होता. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे महाराजांनी १६५७ साली जुन्नर शहरावर छापा घातला, आणि १६७८ साली त्यांच्या लोकांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून शिवनेरी चढण्याचा प्रयत्न केला. परंतु तो फसला आणि महाराजांच्या हयातीत जन्मस्थळ स्वराज्यात आले नाही. ज्या उंबरठ्याने आपल्याला आसरा दिला त्या उंबरठ्यापर्यंत परत पोचणे थोरांनाही साधतेच असे नाही. मग आमच्यासारख्या सामान्यांनी निराश व्हावयाचे कारण काय, असा दिलासा आम्ही एकमेकांस दिला.

आता मुख्य हकीकतीकडे वळू. १९५२ च्या आषाढाच्या तोंडी तीर्थरूप हंगामाचा हिशेब आटोपून घोडनदी ओलांडीत होते. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला होता. पाण्याचा लोंढा अकस्मात आला. पायाखालचा दगड निसटला आणि ते वाहत गेले. खांद्यावरील झोळीत व्यापाऱ्याची खतावणी होती. त्यांना बाहेर काढले तेव्हा झोळी होती, परंतु खतावणीची शाई धुऊन निघाली होती. पुढे त्यांना ताप भरला. नाचणीची पेज आणि चुलीची ऊब यांवर सहा दिवस गेले. ताप उतरल्यावर त्या बाबाने त्यांस जवळ बसविले आणि वाडीतील प्रत्येक घराकडे किती हिरडा गेला, किती उचल होती, किती बाकी राहिली, हे तोंडपाठ सांगून दुसऱ्या वहीत लिहविले. त्यात त्याची स्वतःची बाकी होती : सात रुपये चार आणे.

या प्रसंगाचे महत्त्व कळावयास पाऊणशे वर्षे मागे जावे लागेल. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांत शिरून गहाणखते व रोखे ताब्यात घेतले आणि जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत तसेच प्रकार घडले. त्यावर चौकशी बसली आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. याच सुमारास आंबेगावच्या डोंगरांत जांबोरीचा होनाजी केंगले, ज्यास लोक होन्या म्हणत, सावकारांविरुद्ध उठला. सावकारांची नाके कापली गेली, पोलिसांच्या तुकड्या डोंगर पालथे घालू लागल्या आणि १८७६ साली मेजर डॅनियलने त्यास पकडले. डोंगरातील लोकांच्या मनात वही, शाई आणि गुमास्ता या तीन गोष्टींविषयी काय भावना होत्या याचा हा इतिहास पुरावा आहे. सुप्यास जे कागद लोकांनी जाळले, तसेच कागद १९५२ साली नदीने आपण होऊन धुऊन टाकले होते. गुमास्ता तापाने फणफणलेला, साक्षीदार कोणी नाही, वाडीतील कोणीही तोंड उघडले नसते तर बाकी शून्य झाली असती. आणि तरी बाबाने ती सांगितली. का सांगितली, हा प्रश्न तीर्थरूपांस जन्मभर पडला. जीव वाचविल्याच्या उपकारापेक्षा हा दुसरा उपकार त्यांस अधिक जड वाटे.

आंबेगाव हे गाव आज तेथे नाही. पूर्वी खेड तालुक्याचा पेठा असलेल्या आणि पुढे स्वतंत्र तालुका झालेल्या या भागाने ज्या गावाचे नाव धारण केले तेच गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांपैकी हे मोठे धरण. त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे देह ठेवणारे बाबू गेनू याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे. धरणाच्या पाण्याने पूर्वेकडील शेते भिजली, पार नगर आणि सोलापूर जिल्ह्यांपर्यंत कालवे गेले. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांची खाचरे आणि घरे बुडाली ती कुटुंबे बव्हंशी वरच्या उतारांवर सरकली. त्यांनी गाळपेर केली, पाण्यात मासेमारीचा नवा धंदा शिकून घेतला. त्यांच्यात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेस २०१२ चे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

आम्ही गेलो त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले होते. गाळाने माखलेल्या पायऱ्या, घरांची जोती आणि जुन्या मंदिरांचे दगड उघडे पडले होते. वहीत ज्या ‘वरल्या वाडी’चा उल्लेख आहे ती यांतील कोणती, हे सांगणारा मनुष्य तेथे भेटणे शक्य नव्हते. आम्ही मासेमारांस विचारले, एका निवृत्त शिक्षकांस विचारले. त्यांनी आणखी दोघांची नावे सांगितली. तीन दिवस अशा रीतीने वाड्या पालथ्या घातल्यावर जलाशयाच्या वरच्या अंगास वसलेल्या एका वस्तीवर सत्तरी उलटलेल्या एका आजीबाईंकडे आम्हांस नेण्यात आले. १९५२ साली त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. आम्ही वही काढली नाही, नदीचे नावही घेतले नाही. केवळ ‘जुन्नरचा हिरडेवाला गुमास्ता आठवतो का’ असे विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या साली नदीनं माणूस दिला व्हता, बाबा. त्याचं कागद आमच्या चुलीवर वाळवलं. सगळं घर शाईनं वासलं.”

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी भावनेस आवर घालावा लागतो. आम्ही पुरावे ताडून पाहिले. तीर्थरूपांच्या वहीची पहिली पाने धुराने पिवळी पडली आहेत. ती घरच्या ओलीने तशी झाली असावीत, अशी आमची आजवर समजूत होती. आजीबाईंनी पेज नाचणीची सांगितली, ताप सांगितला. दिवस मात्र आठ सांगितले, वहीत सहा आहेत. बाबाचे नाते त्यांनी चुलता म्हणून सांगितले. एवढ्यावर न्यायालयात दावा सिद्ध होणार नाही, परंतु लिखित व मौखिक साधने परस्परांस भेटतात तेव्हा इतिहासकार ज्या कसोटीवर निष्कर्ष काढतो ती कसोटी येथे उतरते, असे आमचे मत आहे.

आणि मौखिक साधनाने लिखिताची एक उणीवही भरून काढली. वहीत एकाच माणसाचा उल्लेख आहे. आजीबाईंनी सांगितले की चुलता पाण्यात उतरला हे खरे, परंतु त्याच्या कमरेचा वाखाचा दोर काठावर चुलतीने धरला होता. दोर ऐनाच्या झाडाला वेढा देऊन तिने पाय रोवले, तिचे तळहात सोलून निघाले आणि भात लावणीत त्या साली तिला मूठ वळत नव्हती. तीर्थरूप बेशुद्ध होते. त्यांना हे दिसले नाही, आणि तिने ते सांगितले नाही. सदुसष्ट वर्षे आम्ही एका रक्षणकर्त्याचे ऋण मानीत होतो. ते दोघे होते.

बाकी का सांगितली, हा तीर्थरूपांचा प्रश्न आम्ही आजीबाईंपुढे ठेवला. त्यांना प्रश्नाचेच नवल वाटले. “कागद भिजला म्हणून शबुद भिजतो का?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यात आम्हांस दोन हजार वर्षांच्या त्या हिशेबी वाटेचे दुसरे अंग दिसले. शिलालेख, जकातीचा रांजण, रोखे, खतावण्या हे सारे ज्यांचा शब्दावर विश्वास नव्हता त्यांनी निर्माण केले; आणि ज्यांना त्या वह्यांनी नाडले त्यांच्यापाशी वहीवाचून चालणारा व्यवहार शाबूत होता. याचा अर्थ त्यांचे कर्ज न्याय्य होते असा कोणी काढू नये. तीर्थरूपांनी तो काढला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या स्वतःच्या पगारातून तीन महिन्यांत मिळून सात रुपये चार आणे वळते झाल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर नोकरी सोडल्याची तारीख आहे. घरच्या माणसांसही त्यांनी याविषयी कधी सांगितले नव्हते. आजीबाईंना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांना ते ठाऊक होते. पुढच्या हंगामात नव्या गुमास्त्याने बाकी मागितली नाही, तेव्हा चुलत्याने ‘भिजलेल्याने भरली’ असे म्हटल्याचे त्यांना आठवत होते. ती दोघे पतिपत्नी धरण होण्यापूर्वीच निवर्तली. त्यांची नावे आम्हांस आजीबाईंनी सांगितली. कुटुंबाची इच्छा नसल्याने ती येथे छापलेली नाहीत, परंतु आमच्या घरच्या वंशावळीत तीर्थरूपांच्या नावाशेजारी ती लिहिली आहेत.

या डोंगरांत एकमेकांचा जीव वाचविण्याची गरज संपलेली नाही. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर पहाटे डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर पोचविली ती नेहमीप्रमाणे तेथे गेलेल्या एस. टी. बसच्या चालकाने. ढिगाऱ्यातून एक माता व तिचे तान्हे मूल जिवंत काढले गेले. ते मूल मोठे होईल तेव्हा तेही कदाचित आपणांस कोणी काढले हे विचारीत हिंडेल. त्याला उत्तर मिळावे असे वाटत असेल तर नावे आजच लिहून ठेविली पाहिजेत.

आमच्या ज्ञातिबांधवांपुढे म्हणून आम्ही एक नम्र सूचना ठेवतो. आपली संस्था दर वर्षी कुलवृत्तांताची माहिती मागविते. त्या पत्रकात जन्म, विवाह, शिक्षण, व्यवसाय असे रकाने आहेत. त्यांत आणखी एक रकाना असावा : या कुळावर संकटसमयी उपकार करणाऱ्या ज्ञातीबाहेरील व्यक्ती. दुष्काळात ज्याने धान्य दिले, साथीत जिने मूल सांभाळले, परगावी ज्याने ओसरी दिली, अशांची नावे प्रत्येक घरातील वृद्धांस आठवतात. ती त्यांच्याबरोबरच जातात. ती विचारण्यास उशीर करू नये, आणि विचारताना घरातील स्त्रियांसही विचारावे. कारण दोर कोणी धरला होता हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते. असा रकाना भरू लागलो म्हणजे ज्ञातीचा इतिहास ज्ञातीच्या कुंपणात मावत नाही हे दिसून येईल. त्यात ज्ञातीचा कमीपणा मुळीच नाही. ज्या कुळास आपले ऋण सांगता येते ते कूळ आपली थोरवीही अधिक खरेपणाने सांगू शकेल.